खेळ जुना आहे, हसण्यासारखा नाही

आज दुपारी माझ्या भाच्याने टाकलेला एक छोटा व्हिडिओ पाहण्यात आला आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे. सुट्टीत तो पुण्याहून एरंडोलला आमच्याकडे आला होता. मी टीव्हीवर 'ड्रॅगन क्वेस्ट' हा व्हिडिओ गेम लावून बसलो होतो आणि आई शेजारी खाटेवर बसून तूरडाळ निवडत होती. आम्हाला कळू न देता त्याने ते सगळे टिपले आणि वर लिहिले, "1986 मध्ये अडकलेले माझे आजोळ". त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 30 ऑक्टोबर 2025 रोजी 'ड्रॅगन क्वेस्ट' या जपानी मालिकेतील पहिल्या दोन भागांची नवी आवृत्ती बाजारात आली. तिसऱ्या भागाची आदल्या वर्षी, 14 नोव्हेंबरला आली होती. कथेच्या क्रमाने तिसरा भाग आधी घडतो, म्हणून तो आधी काढला. पहिला भाग मे 1986 मधला. युजी होरिई यांनी तो रचला आणि त्यातील राक्षस अकिरा तोरियामा यांनी काढले. तो अख्खा खेळ, त्यातील गावे, गुहा, राजवाडे आणि संवाद यांसह, 64 किलोबाइटमध्ये मावत होता. आज भाच्याच्या मोबाईलमधील एक फोटोसुद्धा तेवढ्यात बसणार नाही. नव्या आवृत्तीत माणसे तशीच चौकटीचौकटींची, चपटी ठेवली आहेत; मात्र त्यांच्या मागचे पाणी, झाडे आणि कंदिलांचा उजेड यांना खोली दिली आहे. हे कोणाला जुनाट वाटत असेल, तर त्याने चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

या खेळात आपल्याला घाई करता येत नाही. राक्षस समोर येतो आणि थांबतो. लढायचे, मंत्र म्हणायचा, औषध घ्यायचे की पळून जायचे, हे तुम्ही निवडेपर्यंत तो हलत नाही. नेमकी हीच गोष्ट भाच्याला हास्यास्पद वाटली, "तो उभा का आहे नुसता?" असे व्हिडिओत त्याचा आवाज विचारतो. अरे, तो उभा आहे म्हणूनच तुझ्या आजीला बोलायला अवकाश मिळाला! मी पडद्यावरचा मजकूर अहिराणीत सांगत होतो आणि ती डाळीतून मान वर न करता निर्णय देत होती. सुरुवातीलाच राजा नायकाला एकट्याला ड्रॅगनलॉर्ड या दुष्ट राक्षसराजावर पाठवतो, तेव्हा ती म्हणाली, "हाऊ राजा कसा शे रे भाऊ, एकला पोऱ्याले धाडस?" (म्हणजे, हा राजा कसा, एकट्या पोराला धाडतो?) व्हिडिओत लोक ज्या वाक्यावर सर्वांत जास्त हसले आहेत, ते हेच वाक्य आहे. मला मात्र त्यात हसण्यासारखे काहीही दिसले नाही. मूळ खेळात राजाच्या दालनातील पेटीत 120 सुवर्णमुद्रा मिळत आणि दुकानात तांब्याची तलवार 180 ला होती. राज्य वाचवायला निघालेल्या पोराला साधी तलवार न पुरवणाऱ्या राजाबद्दल माझ्या आईने पहिल्या पाच मिनिटांत जे ओळखले, ते मला उमगायला बराच वेळ लागला असता.

तिला ही कथा परकी वाटलीच नाही. आमच्या एरंडोललाच जुनी माणसे एकचक्रानगरी म्हणतात. बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यावा लागे, मग भीम एकटा गेला आणि पद्मालयाजवळ भीमकुंड झाले, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. तेव्हा एकट्याने राक्षसावर जाण्याचे काय असते, हे तिला जपानमधून कोणी शिकवायला नको.

आता थोडे आपल्या पिढीबद्दल. जाहिरातींत या खेळांना 'बालपणीची आठवण' म्हणतात, ते कोणाचे बालपण? जळगाव-धुळ्याकडे आपल्याला मिळाला तो टीव्हीला जोडायचा नकली डबा आणि '9999999 इन 1' लिहिलेली पिवळी कॅसेट, ज्यात तेच चार खेळ फिरून फिरून येत. ड्रॅगन क्वेस्टसारखा वाचून खेळायचा खेळ आपल्यापर्यंत आलाच नाही. जपानी मुले तेव्हा खेळ बंद करताना, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता यावा म्हणून, पडद्यावरचा 20 अक्षरांचा मंत्र वहीत उतरवून ठेवत आणि एक अक्षर चुकले की सगळी मेहनत पाण्यात जाई. त्यामुळे माझ्यासाठी हा खेळ आठवण नाही, तो नवाच आहे. भाच्याने मला 1986 मध्ये अडकलेला म्हटले. 1986 मध्ये हा खेळ मला कोणी दाखवला असता तर मी आनंदाने अडकलो असतो.

किंमत जास्त आहे, हे मान्य. त्याच त्या राक्षसांना पुन्हा पुन्हा मारून ताकद वाढवणे कंटाळवाणे होते, हेही मान्य. आईलाही एकदा डुलकी लागली. पण एकदा पैसे दिले की खेळ तुमचा होतो. भाचा मोबाईलवर जे खेळतो, त्यात रोज नवीन पेटी उघडायला पैसे मागतात, आणि त्यातून निघते काय, तर बंदुकीचा रंग! त्यावर कोणी व्हिडिओ काढत नाही.

खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. हा खेळ जर्मन, फ्रेंच, कोरियन भाषांत वाचता येतो. मराठीत नाही, हिंदीतही नाही. वाचण्यावरच उभा असलेला हा खेळ, आणि माझ्यासारखा दुभाष्या शेजारी नसेल तर माझी आई त्याच्या बाहेर. 'राजी' हा पुराणकथांवर बेतलेला खेळ पुण्यातल्या मंडळींनी 2020 मध्ये काढून दाखवलाच आहे, म्हणजे आपल्याकडे कारागीर नाहीत असेही म्हणता येत नाही. मग अहिराणी बोलणारी म्हातारी खेळाविषयी मत देते, याचे लोकांना हसू येते, कारण तिच्या भाषेत पडद्यावर काही लिहिलेले असू शकते, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात शिरलेली नाही.

एवढे लिहिल्यावर भाच्याचा व्हिडिओ पुन्हा एकदा शेवटपर्यंत पाहिला. शेवटच्या काही क्षणांत नायकाची ताकद संपत आली आहे, आई म्हणते, "रातले मुक्काम कर, मंग जाय," आणि कॅमेऱ्यामागून हाच दिवटा ओरडतो, "नको आजी, आधी पळ, पळ!" म्हणजे गुंतला होता तोही. तरीही आजीला विचारल्याशिवाय टाकलेला व्हिडिओ त्याने आज रात्रीच्या आत काढावा. ही पोस्ट तो वाचतो आहे, हे मला ठाऊक आहे.

ज्यांनी खेळ पूर्ण केला असेल त्यांना एक विनंती. ड्रॅगनलॉर्डचा किल्ला पहिल्यापासून पाण्यापलीकडे दिसतो आणि तिथे कसे पोहोचायचे हे मी इंटरनेटवर वाचून बसलो आहे, पण आईला ते सांगितलेले नाही. कुठेतरी नावाडी असणारच आणि आपण त्याला अजून विचारलेले नाही, असे तिचे ठाम मत आहे, म्हणून रोज संध्याकाळी आम्ही गावोगाव नावाडी शोधतो. कृपया कॉमेंटमध्ये उत्तर लिहू नका. माझी बहीण सगळे तिला वाचून दाखवते.