मामा, कुठलं व्हर्जन लावू?

भाच्याबरोबर स्ट्रीट फायटर टू हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळणं म्हणजे तलाठ्याकडे सातबारा काढणं. आधी कागदपत्रं, मग काम. मी कंट्रोलर घट्ट धरून बसलोय आणि हा विचारतो, "मामा, कुठलं व्हर्जन लावू?"

मला ठाऊक असलेला स्ट्रीट फायटर एकच. एसटी स्टँडामागच्या व्हिडिओ गेम पार्लरातला.

"१९९१ चा पहिला? १९९२ ची चॅम्पियन एडिशन? की १९९४ चा सुपर टर्बो?" पहिल्यात म्हणे खेळायला आठच जण, शेवटचे चार बॉस नुसतेच मारायला बसवलेले. शिवाय दोघांनाही रयू हा एकच लढवय्या हवा असेल तर जमायचं नाही. ती सोय ९२ साली झाली. त्या पहिल्या व्हर्जनात गाईल नावाचा लढवय्या लांबूनच, हात न लावता, समोरच्याला उचलून आपटायचा. पुढे ही चूक काढून टाकली.

म्हटलं, असली चूक का काढावी? कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग जोडलेले ठोसे, हासुद्धा चुकीतूनच आला ना! फुनामिझु नावाचे निर्माते गाडी फोडायची बोनस फेरी तपासत होते. पाहतात तर ठोशाला ठोसा जोडून बसतोय. असं कुणी ठरवलंच नव्हतं. पण राहू दिलं, आणि आज जो तो कॉम्बोच पाठ करत बसलाय. गाईलचा मात्र वशिला कमी पडला.

"आमच्या पार्लरात," मी छाती काढून म्हणालो, "रयू उडी मारून हवेतून हदोकेन, म्हणजे हातातून सुटणारा गोळा, टाकायचा. आणि स्टार्टचं बटण दाबलं की लढता लढता रयूचा झांगीफ!"

भाच्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "ती रेनबो एडिशन, मामा. चॅम्पियन एडिशनमध्ये कुणीतरी फेरफार करून विकलेलं चोरीचं बोर्ड."

गल्ल्यातले रुपये चोरून मी मोठ्या इमानानं तिथे टाकले होते, आणि मशीनच चोरीचं!

शेवटी त्यानंच सुपर टर्बो लावला. मी रयू घेतला. हा मात्र निवडीच्या पडद्यावर रयू, टी. हॉक, गाईल, कॅमी, पुन्हा रयू असा थांबत थांबत फिरला, मग एकदम चार बटणं दाबली आणि लपवलेला अकुमा बाहेर काढला. राउंड सुरू झाला. अकुमानं उडी मारली आणि हवेतूनच हदोकेन सोडला. वर दुसरा. मग तिसरा.

"अरे, हे तर आमच्या पार्लरातलं!"

"हे ऑफिशियल आहे, मामा," तो म्हणाला. तोवर माझा रयू आडवा झाला होता.