‘लाडका भाऊ’ म्हणून फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

महाराष्ट्र शासन बारावी झालेल्या प्रत्येक बेरोजगार तरुणास घरबसल्या दरमहा १०,००० रुपये देते, असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. ज्या योजनेवरून हा समज पसरला, ती ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ असून तिचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. ती बेरोजगार भत्ता नाही. कारखाना, खासगी आस्थापना किंवा शासकीय कार्यालयात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेणाऱ्या १८ ते ३५ वयोगटातील, महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या उमेदवारांनाच हे विद्यावेतन मिळते. बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधर वा पदव्युत्तरास १०,००० रुपये, अशी त्याची मासिक रक्कम असून ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. शिक्षण चालू असलेले विद्यार्थी यास पात्र नाहीत, ही अट संदेशात नेमकी गाळलेली आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक गैरसमज त्यामुळेच झाला. प्रशिक्षणाची मुदत मुळात सहा महिन्यांची होती. नंतर ती पाच महिन्यांनी वाढवण्यात आली. प्रशिक्षण संपल्यावर कायम नोकरीची हमी योजनेत नव्हती. नोंदणीसाठी कौशल्य विकास विभागाचे महास्वयम संकेतस्थळ आहे, त्यामुळे अर्ज भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत.