मावशींची पिशवी आणि बाबांचं घड्याळ

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले. लांबलं तर लांबू दे.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आज एकीने लिहिलं, "सरकारने यांना पाच लाखांचं कार्ड दिलंय, दवाखाने फुकट आहेत, तरी दुखणी अंगावर काढतात. शिस्तच नाही या लोकांना." खाली सात-आठ अंगठे. निमित्त काय, तर आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींचा आज चार घरी खाडा झाला.

खाडा का झाला ते मला माहीत आहे. सकाळी माझ्याच स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता त्या ओट्याला धरून खाली बसल्या. पाणी दिलं, वारा घातला. पाय बघितले तर घोट्यावर सूज. बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. "कधीपासून आहे हे?" "झाले की दोन महिने. सुजेची गोळी चालूय ना ताई." कुठल्या डॉक्टरांची, असं विचारल्यावर त्यांनी कामाच्या पिशवीतून आणखी एक पिशवी काढली. साडीच्या दुकानाची, कडा चिरलेली. आत दोन वर्षांचे कागद, रिकाम्या-भरल्या गोळ्यांच्या पट्ट्या, एक घडी घालून घालून फाटलेला ईसीजी.

मी त्यांना तशीच रिक्षात घालून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्या म्हणजे गेली पंधरा वर्षं आम्ही ज्यांच्याकडे जातो ते. त्यांनी पाय बघितले, प्रेशर बघितलं, उभं करून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "पिशवी द्या इकडे." टेबलावर पत्ते मांडावेत तशा सगळ्या पट्ट्या मांडल्या. त्यातल्या दोन एकीकडे काढल्या. कंपन्या वेगळ्या, नावं वेगळी, आतलं औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन. प्रेशरची साधी गोळी. एक शिबिरात लिहून मिळालेली, एक वस्तीतल्या डॉक्टरांची. मावशी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. त्या औषधाने काही जणांच्या पायांवर सूज येते, डोस वाढला की जास्तच. ती सूज बघून तिसऱ्या ठिकाणी लघवी वाढवणारी गोळी मिळाली. तिने प्रेशर आणखी उतरलं, आणि आज ओट्याखाली बसायची वेळ आली.

शिस्त नाही म्हणे! तीन डॉक्टरांच्या गोळ्या वेळच्या वेळी घेणाऱ्या बाईला शिस्त नाही!

त्या तिघांनी आपापल्या परीने समोर दिसलं त्यावर औषध लिहिलं असेल, मला त्यांच्यावर राग काढायचा नाही. पण मावशींचे पाय आणि मावशींची पिशवी, दोन्ही एकाच माणसाने एका वेळी आजवर बघितलेलीच नव्हती. आज बघितली, तर पंधरा मिनिटांत उलगडा झाला.

मला तिथे बसल्या बसल्या बाबांचं घड्याळ आठवलं.

आम्ही इचलकरंजीचे. बाबा सूतगिरणीत कारकून. मी चौथीत असताना ताप आला म्हणून बाबा मला सायकलवरून दवाखान्यात घेऊन गेले. आमच्या डॉक्टरांनी माझी छाती तपासली, कंपाउंडरला मिक्श्चर सांगितलं आणि मग माझ्याकडे न बघता बाबांच्या मनगटाकडे बघत म्हणाले, "काय साहेब, घड्याळ सैल झालंय की!" बाबा हसले, म्हणाले पट्टा जुना झालाय. डॉक्टर म्हणाले, "पट्टा नाही, हात बारीक झालाय. उद्या उपाशीपोटी या." साखर निघाली, भरपूर निघाली. बाबा आज एकोणऐंशी वर्षांचे आहेत, डोळे शाबूत आहेत, किडन्या शाबूत आहेत. त्या एका वाक्यावर आमचं घर उभं राहिलं असं आई अजून म्हणते.

ते वाक्य कुठल्या मशीनने बोललं नव्हतं. सहा महिन्यांपूर्वीचं मनगट ज्याने बघितलंय त्यालाच आजचं मनगट बारीक दिसतं. मावशींकडे डॉक्टर कमी आहेत का? पिशवीत सहा जणांचे कागद आहेत! त्यांना ओळखणारा त्यातला एकही नाही.

आता त्या पाच लाखांच्या कार्डाबद्दल. बायांनो, ते कार्ड हॉस्पिटलात दाखल झाल्यावर चालतं. आयुष्मान भारत 2018 साली आलं, आपल्याकडे महात्मा फुले योजना त्याच्याही आधीपासून आहे, आणि मोठ्या ऑपरेशनला लोकांना त्याचा आधार होतो, हे मी नाकारत नाही. पण महिन्याच्या महिन्याला प्रेशर बघणं, गोळी बदलणं, "झोप लागते का" असं विचारणं, याला ते कार्ड लागू नाही. उद्या मावशींना पक्षाघात झाला तर कार्ड बाहेर काढता येईल. पक्षाघात होऊ नये म्हणून जे करायचं ते त्यांनी खिशातून करायचं. खिशात काय असतं ते पगार देणाऱ्या आपल्यालाच ठाऊक आहे, नाही का?

कारखान्यात 21,000 पर्यंत पगार असेल तर निदान ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तरी असतं. धुण्याभांड्याला तेही नाही. घरेलू कामगारांसाठी 2008 साली राज्यात कायदा झाला, कल्याण मंडळ आलं. मावशींना विचारलं तर त्यांनी नावही ऐकलेलं नव्हतं.

फुकट दवाखाने आहेत, मान्य. 'आपला दवाखाना' संध्याकाळी उघडा ठेवायची कल्पना चांगली होती, ज्याने कुणी सुचवली त्याला कष्टकऱ्यांचं घड्याळ कळत होतं. पण मावशी ज्या सरकारी दवाखान्यात जायच्या तिथे वर्षभरात तीन डॉक्टर बदलले. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, मागे पन्नास माणसं उभी. दोन मिनिटांत काय सांगणार ती बाई? बरोबर गुडघ्याचंच सांगते, कारण त्या दिवशी गुडघा दुखत असतो.

ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने 1946 साली लिहून ठेवलंय. स्वातंत्र्याच्या आधी! माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिथे ती आणि तिच्या ऑफिसात झाडू मारणारा माणूस एकाच डॉक्टरकडे नोंदवलेले आहेत, एकाच रांगेत. अपॉइंटमेंट मिळायला जीव जातो, ती सारखी कुरकुरत असते. पण रांग एक आहे.

हे लिहिता लिहिता मघाशी आईला फोन केला. घड्याळाची गोष्ट तिच्याकडून पुन्हा ऐकायची होती. तिने सांगितली, आणि मग सहज म्हणाली, "डॉक्टर आपली वही ठेवायचे, म्हणून निभावलं. सात तारखेला पगार झाला की बाबा पैसे देऊन यायचे."

वही. आणि पगाराची तारीख.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक काका राहायचे. यंत्रमागावर कामाला, बारा बारा तासांची पाळी, विणलेल्या कापडाच्या मीटरवर मजुरी. वीज गेली की मजुरी गेली. मी आईला विचारलं, ते पण आपल्याच डॉक्टरांकडे जायचे ना? आई गप्प झाली. मग म्हणाली, "छे गं. दवाखाना उघडायच्या वेळेला ते पाळीवर असायचे. काकू मेडिकलमधून गोळी आणायच्या." खोकला होता त्यांना, एवढं मलाही आठवतं, रात्री भिंतीपलीकडून यायचा. त्यांना काय झालं होतं, आईला माहीत नाही. गेले तेव्हा चाळिशीचेही नव्हते.

इतकी वर्षं मी समजत होते की आमचे डॉक्टर देवमाणूस होते म्हणून बाबा वाचले. देवमाणूस होतेच. पण त्या देवमाणसापर्यंत पोहोचायला सात तारीख लागायची. भिंतीच्या अलीकडे ती होती आणि पलीकडे नव्हती. काकांचंही मनगट बारीक होत गेलं असेल, ते बघायला कोण होतं?

मला आता ग्रुपवरच्या बाईवर तेवढा राग येत नाहीये. तिलाही तिचे डॉक्टर आहेत, तिलाही ते आपोआप मिळाल्यासारखे वाटत असतील. मलाही वाटतच होते.

सकाळी परत येताना रिक्षात मावशींनी विचारलं, "फी किती झाली?" पाचशे, म्हटलं. त्या बाहेर बघत राहिल्या. एका घरच्या भांड्यांचे त्यांना महिन्याला बाराशे मिळतात. मग म्हणाल्या, "एवढं आजवर कुणी विचारलं नव्हतं बघा." आणि घर आल्यावर, उतरताना, "पुढच्या आठवड्याला मी नको यायला. तुम्हीच विचारून या ना ताई, माझं कसं चाललंय ते."

डॉक्टरांनाही घर आहे, जागेचं भाडं आहे, मुलांची शिक्षणं आहेत, मी त्यांच्या पाचशे रुपयांना नावं ठेवणार नाही. पण माझं कसं चाललंय ते तुम्हीच विचारून या, असं एखाद्या बाईला म्हणावं लागतं, हे सकाळपासून माझ्या छातीत अडकून बसलंय.

गुरुवारी संध्याकाळी साडेसातचा नंबर लावलाय. त्या वेळेला समोरच्या इमारतीत एका घरी मावशींच्या पोळ्या असतात. त्या घरच्या ताईंना मी उद्या फोन करणार आहे, त्या दिवशी पोळ्या विकत आणा म्हणून सांगणार आहे, आणि पगार कापू नका म्हणूनही. मावशींना सांगितलंय, पिशवी घेऊन या, एकही कागद टाकू नका.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. हीच पोस्ट तिथे टाकते.