मान्तेन्याची लबाडी

पंधराव्या शतकातल्या आंद्रेआ मान्तेन्या या इटालियन चित्रकाराचा ‘मृत ख्रिस्त’ पाहिला की जो तो म्हणतो, “काय पर्स्पेक्टिव्ह आहे!” मला हे कौतुक अर्धवट वाटतं. कारण त्यातला पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि दूरचं लहान दाखवायचा नियम, चुकलेला आहे, आणि माझ्या मते मान्तेन्याने तो जाणूनबुजून चुकवलाय.

चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. कापडावर टेम्परा (अंड्यासारख्या चिकट पदार्थात कालवलेला रंग), आकार जेमतेम ६८ बाय ८१ सेंटिमीटर. दगडी शिळेवर येशूचं शव, तळपाय थेट आपल्याकडे. इतक्या जवळून पाहिलं तर नियमाने पाय भलेमोठे आणि डोकं चिमुकलं दिसायला हवं. इथे पाय लहान आणि डोकं मोठं! बरं, गणित येत नव्हतं म्हणावं, तर याच माणसाने १४७४ पर्यंत इटलीतल्या मान्तुआच्या राजवाड्यात छताला खोटं आकाश रंगवून कठड्यावरची बाळं खालून दिसतील तशी आखडून दाखवली होती. नियम पाळला असता तर पायांनी मागचं बरंचसं शरीर झाकलं असतं आणि चेहरा चिमुकला झाला असता. त्याला चेहरा हवा होता, म्हणून त्याने मापं मोडली.

बाकी कुठे मात्र दयामाया नाही. हातापायांवरच्या खिळ्यांच्या जखमा कोरड्या, कातडीच्या कडा फाटलेल्या, रक्ताचा थेंब नाही. प्रभावळ आहे, पण नावापुरती. आणि डावीकडे कोपऱ्यात दाटीवाटीने कोंबलेली माणसं! त्यातली मरिया बघा. तेहेतिशीतल्या मुलाची आई तिशीची दाखवायची रीत त्या काळच्या बऱ्याच चित्रकारांनी आनंदाने पाळली. इथली मरिया सुरकुतलेली म्हातारी आहे, रुमालाने डोळे पुसणारी. मला त्या पायांइतकीच ही बाई महत्त्वाची वाटते, पण फोरशॉर्टनिंगच्या, म्हणजे समोरून पाहिलेलं लांब शरीर आखडून दाखवण्याच्या, धड्यात तिचं नावही निघत नाही.

१५०६ मध्ये मान्तेन्या वारला तेव्हा चित्र त्याच्याकडेच होतं. मुलांनी कर्ज फेडायला ते विकलं. चाळीसहून अधिक वर्षं मान्तुआच्या गोन्झागा घराण्याच्या दरबारची कामं केलेल्या माणसाने हे स्वतःसाठीच काढलं असावं, असं मला वाटतं.

२०१३ मध्ये चित्रपट दिग्दर्शक एर्मान्नो ओल्मी यांनी ब्रेरात हे चित्र चौकट काढून, अंधारात, जमिनीपासून ६७ सेंटिमीटरवर लावलं. टीका बरीच झाली, पुढे मांडणीही बदलली. मी ओल्मींच्या बाजूने आहे. नेहमीच्या उंचीवर टांगलं की आपण परीक्षकासारखी मापं काढत बसतो. इतकं खाली असलं की आधी वाकावं लागतं.