नरकासुराला मार्क कोण देणार?

चवथीची गडबड ओसरली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडणांचा मोसम सुरू होतो. यंदा ठिणगी पडली ती भाच्याच्या प्रोजेक्टवरून. भाचा सातवीत आहे. शाळेने विषय दिला ‘गोव्याचा वारसा’, आणि दादाने फोटो टाकला. थर्मोकोलचं देऊळ, पुढे पाच मजली दीपस्तंभ, प्रत्येक मजल्यावर कोरलेल्या कमानी, तळाला हिरवा वेलवेट पेपर, कोपऱ्यात कॉम्प्युटरवर छापलेली नावाची पट्टी. शेजारी भाचा उभा. युनिफॉर्म इस्त्रीचा, बोटांना फेव्हिकॉलचा एक ठिपका नाही. खाली अंगठ्यांची रांग. वहिनी त्यासाठी रात्री एकपर्यंत जागी होती, हे नंतर तिनेच सांगितलं.

तिथून विषय पेटला. काका म्हणाले, हे प्रोजेक्ट म्हणजे आईबापांना शिक्षा, बंद करा आणि तो वेळ गणिताला द्या. पुण्याचा आतेभाऊ म्हणाला, परदेशात बघा, मुलं सगळं स्वतः करतात, विचारा स्विंडनला. म्हणजे मला, इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणारीला. मी उत्तर टाइप करते आहे तोवर काकांचा पुढचा मेसेज आला: वाड्यावरची पोरं नरकासुराच्या पुतळ्याची वर्गणी मागत फिरायला लागली आहेत, तेही एकदाचं बंद करायला हवं, पोरं फुकट जातात.

आधीचे दोन मेसेज मी गिळले असते, हा तिसरा गिळवेना. आईने केलेल्या देवळाला अंगठे, आणि पोरं स्वतःच्या हातांनी जे एकमेव काम करतात ते फुकट?

नरकासुर कसा उभा राहतो ते काकांनी बहुधा कधी जवळून बघितलेलं नाही. ते नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला जळताना बघतात, कारीट फोडतात आणि पोहे खायला बसतात. त्याच्या आधीचं काम असं असतं. बांबू मागून आणायचे, कोणाच्या कुळागरातून, म्हणजे बागायतीतून, आणि ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवून. सांगाडा बांधायचा, तर पाय किती फाकवायचे हे आधी ठरवायला लागतं, नाहीतर गवत भरल्यावर धड पुढे झुकतं. मग पीठ शिजवून खळ करायची. वर्तमानपत्र कापायचं नाही, फाडायचं, कारण फाडलेली कड बसते आणि कापलेली कड उचलली जाते. मुखवट्यावर एक थर वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. परतीच्या पावसात तो वाळत नाही, म्हणून कोणाच्या तरी चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचा आणि त्या घरच्या आजीच्या शिव्या खायच्या. डोळे कोण रंगवणार यावर भांडण होतं आणि ते मिटवायला कोणी शिक्षक नसतात. वजन, तोल, पोत, रंग, वर्गणीचा हिशोब, भांडण मिटवणं: माझ्या मुलीच्या शाळेत यांतल्या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा तास आहे.

आमच्या डिचोलीच्या वाड्यावर आम्ही मुलीही यात असायचो, पण दुपारपुरत्या. कागद फाडून, खळ लावून दिवेलागणीला घरी. डोळे नेहमी मुलगेच रंगवायचे. हे आठवलं की माझ्या नॉस्टॅल्जियाची हवा थोडी जाते. पण तेवढ्यासाठी काका बरोबर ठरत नाहीत.

आता ‘परदेशात बघा’बद्दल. बघा की. मुलगी इयर एटमध्ये आहे, म्हणजे बारा-तेरा वर्षांची. पॅरेंट्स ईव्हनिंगला मी तिची स्केचबुक चाळली. पहिल्या पानावर तिच्याच बुटाचं चित्र, पेन्सिलीने, फसलेलं. दुसऱ्या पानावर तोच बूट, पुन्हा फसलेला. तिसऱ्यावर फक्त बुटाची नाडी, आणि ती मात्र अशी की हात लावून बघावीशी वाटली. शिक्षिकेने खाली सूचना लिहिलेली, मुलीने हिरव्या पेनाने उत्तर दिलेलं. एकही पान फाडलेलं नाही. मार्क या सगळ्या पानांना मिळून होते. डीटीचं, म्हणजे डिझाइन अँड टेक्नॉलॉजीचं, चक्र वेगळं चालतं, आधी कापड, मग लाकूड, मग फूड टेक, म्हणजे स्वयंपाक. तिने केलेलं घड्याळ भिंतीवर तिरकं बसतं, कारण मागचं भोक तिनेच पाडलं आहे. ते सरळ करून द्यायला मी गेले तर तीच मला ओरडली.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा चढ्या आवाजात. जे लिहिलं नाही ते इथे लिहिते. वर्ल्ड बुक डेला मुलं पुस्तकातल्या पात्रांचे पोशाख घालून शाळेत जातात, त्याच्या आदल्या रात्री इथल्याही आया जागतात, आणि ज्या जागत नाहीत त्या सुपरमार्केटातून तयार पोशाख उचलतात. कला इथे चौदाव्या वर्षापर्यंत सक्तीची आहे, पण 2010 साली शाळा मोजायला जी इ-बॅकची (इंग्लिश बॅकलॉरिएटची) पट्टी आली तिच्यात कलेला जागाच ठेवली नव्हती. त्यानंतर जीसीएसईला, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला, कोणते विषय घ्यावेत याबद्दल इथले बाप जे बोलतात ते आणि काका जे बोलतात ते, फक्त भाषेचा फरक. आणि आपल्याकडे कागदावर तरी सगळं छान आहे. 2020 च्या शिक्षण धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर, यांत भिंत नको असं स्वच्छ लिहिलं आहे. भिंत धोरणात नाही, वहिनीच्या जेवणाच्या टेबलावर आहे. देऊळ नीटनेटकं दिसलं नाही तर शाळेत पोराची मान खाली जाईल, या भीतीची.

एका बाबतीत तर इथल्या लोकांनी आपल्याकडे बघावं. 5 नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्र. पूर्वी पोरं जुन्या कपड्यांत वर्तमानपत्रं कोंबून एक बाहुला करायची, हातगाडीवर घालून दारोदार एकेक पेनी मागायची आणि मग त्याला होळीवर जाळायची. नरकासुराचा सख्खा चुलतभाऊच. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी लहानपणी केलेला आहे. आता? तिकीट काढायचं, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, मैदानावरची आतषबाजी बघायची, बर्गर खायचा, चिखलाचे बूट घेऊन घरी यायचं. सगळं सुरक्षित, आणि पोरांच्या हाताला काही काम नाही. गोव्याचा नरकासुर त्याच वाटेवर आहे, फक्त उलट्या बाजूने. तो लहान व्हायच्या ऐवजी पंचवीस-तीस फुटांचा झाला, लोखंडी सांगाड्याचा झाला, राजकारण्यांच्या बक्षिसांचा झाला. मुखवटा बाजारातून, आवाज डीजेचा, आणि बारा वर्षांच्या पोराला काम काय, तर खुर्च्या लावायचं. दिवाळीनंतर रस्त्याकडेला जे गंजके सांगाडे पडून राहतात ते मीही बघितलेत. म्हणून माझं म्हणणं, बंद करू नका, उंची कमी करा. करणाऱ्यांचं वयही.

यावर काकांनी चित्रकार एफ. एन. सूझांना आणलं. गोव्यात कलेचा विषय निघाला की ते येतातच. साळगावात 1924 साली जन्म, 1945 साली मुंबईच्या जे. जे. मधून काढून टाकलं, 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. ‘खरा कलावंत शाळेत घडत नाही,’ असा काकांचा मुद्दा. मी फक्त एवढंच लिहिलं की 1949 साली ते लंडनला निघून आले. गेलेला माणूस मोठा झाला की तो आपला, नाहीतर पासपोर्टवाला.

हे लिहायला नको होतं असं दादा म्हणतो. मला तसं वाटत नाही. वडिलांचा जन्म 1961 च्या डिसेंबरच्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला, तेवढ्या कागदावर माझं नाव पोर्तुगीज नागरिक म्हणून लिस्बनला चढलं आणि डिचोलीच्या मतदारयादीतून उतरलं. घराची घरपट्टी मी भरते, गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या माटोळीच्या नव्या चौकटीचे पैसे मी दिले, पण शाळेत काय शिकवावं यावर बोलले की सगळे एकदम गप्प होतात. वहिनी मात्र गप्प बसली नाही. तिने व्हॉइस मेसेज पाठवला, मागे मिक्सर चालू: ‘थंय बसून सांगपाक तुजें किदें वता? एक रात ये आनी त्या डीजेकडेन न्हिदून पळय.’ म्हणजे, तिथे बसून सांगायला तुझं काय जातं, एक रात्र येऊन त्या डीजेपाशी झोपून बघ.

खरं आहे. इथे दहानंतर कोणी टीव्हीचा आवाजही वाढवत नाही आणि त्या शांततेत बसून मी नरकासुराची वकिली करते. डीजेशिवायचा, खळीच्या वासाचा, माझ्या लहानपणाचा नरकासुर मला हवा आहे, आणि तो उभा करायची जबाबदारी मी भाच्याच्या पिढीवर टाकते आहे, कारण माझ्या मुलीवर टाकता येत नाही.

टाकून बघितली होती. मागच्या वर्षी शाळेने ‘तुमच्या घरचा सण’ असा विषय दिला. आम्ही फुग्यावर थर चढवून हातभर नरकासुर केला. थर रेडिएटरवर तासाभरात वाळले, आजीच्या शिव्यांविना. डोळे मुलीने रंगवले, हिरवे, तिच्या मैत्रिणीसारखे. मी तोंड उघडलं होतं, मिटलं. शिक्षिकेला पोत फार आवडला. मग दिवाळी आली आणि प्रश्न पडला, याचं करायचं काय. मागच्या अंगणात जाळायचा तर शेजाऱ्यांना आधी सांगायला हवं, दिवस कामाचा, पहाटे माझी शिफ्ट. तो अजून गराजमध्ये आहे, गवत कापायच्या यंत्राशेजारी. मुलीने त्याचं नाव केव्हिन ठेवलं आहे. गोव्यात सांगितलं तर हसतील, म्हणून सांगितलं नाही. दिवाळीनंतरही उरणारा नरकासुर हा प्रकार मला स्वतःलाच पचायला वेळ लागतो आहे.

ते जाऊ दे. वहिनीला मी जे वेगळं लिहून पाठवलं ते असं. पुढच्या वेळी ‘वारसा’ आला तर थर्मोकोल आणू नकोस. पोराला कावीचं काम करू दे. देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर देऊन तो खरवडून आतलं पांढरं उघडं करतात, तेच कागदावर होतं. जाड कागदावर पांढरा मेणाचा खडू दाबून घासायचा, सगळीकडे, कंटाळा येईपर्यंत. त्यावर तांबडा पोस्टर कलर, भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून, नाहीतर मेणावर रंग धरत नाही. वाळला की कंपासच्या टोकाने खरवडायचं. तुळशीवृंदावन काढू दे, अंगणातच आहे. रेघ चुकली तर पुसता येत नाही, तीच वळवून दुसरं काहीतरी करायला लागतं, आणि तिथेच पोराचं डोकं चालतं. चवथीला माटोळी उतरवायच्या आधी त्याला खाली उताणा झोपव आणि कांगलां, कवंडाळ, तोरिंग, सुपारीचं शिपटं, जे दिसेल ते खालून दिसतं तसं काढायला सांग. केवणीच्या, म्हणजे रानातल्या सालीच्या, दोराची गाठसुद्धा. आणि तू त्या वेळी टीव्ही बघ. हात लावू नकोस, ‘इथे जरा गोल कर’ म्हणू नकोस.

वहिनीने यावर अंगठा दाखवला. कोणता अर्थ घ्यायचा ते तिलाच माहीत. कावीचा कागद मात्र झाला, दादाने फोटो ग्रुपवर न टाकता मला एकटीला पाठवला. वृंदावन एका बाजूला कललेलं, तांबडा रंग अंगठ्याच्या ठशांनी भरलेला. मला तो देवळापेक्षा आवडला. ग्रुपवर का टाकला नाहीस विचारलं तर म्हणाला, ‘लोक काय म्हणतील.’

मग मी शेवटचा डाव टाकला. वाड्यावर चौदाच्या खालच्या मुलामुलींसाठी वेगळा नरकासुर करा, बक्षीस मी देते. अटी तीन: उंची पोरांच्या डोक्यावर जाणार नाही, मोठ्यांचा हात लागणार नाही, डोळे मुली रंगवतील. दादाचं उत्तर दुसऱ्या मिनिटाला आलं: ‘तू पैसे पाठव. अटी हंगाचे घालतले.’ म्हणजे, अटी इथले लोक घालतील.

पैसे पाठवले आहेत. अटीही परत पाठवल्या आहेत, या वेळी काकांना कॉपी करून.