आधी मीटर, मग सोल्डरिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्क्रूड्रायव्हरपासून सुरुवात करतो, कारण त्याने कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रिकामा करू नये, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. जुन्या स्टिरिओ रिसीव्हरच्या पॉवर सप्लायवरच्या लेखात मी "फिल्टर कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामे करा" असं एका ओळीत उरकलं होतं. (फिल्टर कपॅसिटर म्हणजे सप्लायची वीज सपाट करणारे मोठे कपॅसिटर.) ४० व्होल्टला भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये ८ ज्यूल ऊर्जा असते. फट्ट आवाज होतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक जळतं, आणि कपॅसिटरच्या आतल्या जोडणीला बसलेला दणका तर दिसतही नाही. १०० ओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर क्लिपने पाच-सहा सेकंद लावायचा, मीटरवर शून्य बघायचं, मगच आत हात घालायचा. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य तक्रार. तुम्ही लिहिलंय, "पंचेचाळीस वर्षांचे कपॅसिटर मोजत काय बसायचं? सगळे उपटा, नवे टाका. मोजायला सांगून तुम्ही नवशिक्यांची दिशाभूल करताय." तुमचा सेट असाच सुरू झाला, हे मान्य. तो कपॅसिटर बदलल्यामुळेच सुरू झाला, हे मात्र मला मान्य करता येत नाही, आणि खरं तर तुम्हालाही ठामपणे सांगता येणार नाही.

एक प्रसंग सांगतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरचा एक रिसीव्हर माझ्याकडे आला होता. वीस मिनिटं उत्तम वाजायचा, मग रेडिओ आणि फोनो (रेकॉर्ड प्लेयर) दोन्ही गप्प. रिले (स्पीकर जोडणारा स्विच) ओढलेलाच असायचा. डब्यावर थाप मारली की स्वारी पुन्हा गायला तयार. मुख्य सप्लाय अधिक-उणे ३८ व्होल्ट जागेवर होता, म्हणजे संशय रेग्युलेटरवर, व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागावर. तिथे एक ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसवर (नियंत्रणाच्या पायावर) १४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड), झेनरला समांतर एक कपॅसिटर आणि बेसला करंट देणारा रेझिस्टर, असा चौघांचा संसार. एमिटरवर, म्हणजे आउटपुटच्या पायावर, बेसपेक्षा ०.६-०.७ व्होल्ट कमी, म्हणजे १३.३ च्या आसपास यायला हवेत. सेट गप्प होईपर्यंत वाट बघितली. बेसवर १४, बरोबर. एमिटरच्या पायावर प्रोब टेकवली, १३.४. प्रोब त्याच पायापासून दोन मिलिमीटर सरकवून ट्रॅकवर ठेवली, शून्य. भिंग लावल्यावर पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. ट्रान्झिस्टर तापला की ती उघडायची. सोल्डरिंगला दहा सेकंद लागले.

हाच सेट तुमच्या पद्धतीने केला असता तर? बोर्डावरचे सगळे कपॅसिटर काढता-घालताना सोल्डरिंगची कांडी सगळीकडे फिरली असती, चीर जाता जाता मिटली असती, आणि "कपॅसिटर गेले होते" असं मी छातीठोकपणे लिहून मोकळा झालो असतो. किंवा चीर तशीच राहिली असती आणि वर उखडलेल्या दोन ट्रॅकची भर पडली असती. जुन्या बोर्डाचं तांबं गरम कांडीपुढे फार टिकत नाही. शिवाय उणे बाजूच्या सप्लायवर कपॅसिटरचं धन टोक ग्राउंडला जातं, हे विसरून उलटा बसवलेला नवाकोरा कपॅसिटर मी एकाहून जास्त सेटमध्ये पाहिला आहे.

मोजणं म्हणजे तासन्‌तास बसणंही नव्हे. रेग्युलेटरच्या तीन पायांवरचे आकडे बरंच बोलतात. आउटपुट कमी आणि बेसही कमी असेल, तर दोष झेनर, त्याचा गळका कपॅसिटर किंवा वाढलेला रेझिस्टर यांच्यात शोधायचा. बेस बरोबर पण आउटपुट गायब, तर ट्रान्झिस्टर किंवा त्याचं सोल्डरिंग. दोन्ही चढलेले, तर झेनर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. आउटपुट बेसच्याही वर गेलं असेल, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट. कपॅसिटर या यादीत आहे, नाही असं नाही, पण तो एकटा नाही.

घुमण्याचंही तेच. ५० हर्ट्झच्या विजेवर फिल्टर कपॅसिटर थकला की १०० हर्ट्झची घूं येते. ब्रिजमधला (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांपैकी) एक डायोड ओपन झाला तर ५० ची, एक सप्तक खालची, जाड. तिथे कितीही नवा कपॅसिटर टाका, मूळ दुखणं जात नाही. मीटर एसीवर ठेवून कपॅसिटरवर लावा. १०,००० मायक्रोफॅरडवर सेट नुसता चालू असताना, म्हणजे ०.२ अँपिअरच्या आसपास, शंभर मिलिव्होल्टच्या आतच आकडा दिसायला हवा. व्होल्टभर दिसला तर तुमचं-माझं भांडण मिटलं, बदला.

न मोजता मीही काही कपॅसिटर बदलतो. तापणाऱ्या रेझिस्टरला खेटून बसलेले, फुगलेले, आणि पाठीमागे २२० लिहिलेला सेट २४० व्होल्टवर चालत असेल तर ५० व्होल्टचे मोठे फिल्टर. ४४ चा सप्लाय तिथे ४८ वर जातो, मग ६३ व्होल्टचेच घालावेत. कपॅसिटरच्या बुडाशी दिसणारा तपकिरी थर मात्र बहुतेकदा गळती नसून जुना गोंद असतो. तो काळा पडला की वीज वाहू देतो आणि शेजारचे पायही खातो, म्हणून खरवडून काढायचा.

राहिला सिरीज बल्ब, म्हणजे चाचणीसाठी मेन आणि सेट यांच्या मध्ये जोडलेला बल्ब. "३८ ऐवजी ३१ व्होल्ट आले, रिले वाजलाच नाही, तुमचे आकडे खोटे" हे तुमचं वाक्य. लेखातले आकडे बल्ब न लावता थेट मेनवरचे होते, पण ते मी लिहिलं नव्हतं, म्हणजे निम्मी चूक माझी. २३० व्होल्टचा ६० वॉटचा फिलामेंट बल्ब पूर्ण पेटल्यावर सुमारे ८८० ओहमचा असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली. म्हणून निरोगी सेटवर तो क्षणभर लखकन पेटून मंद होतो, शॉर्ट असेल तर पेटलेलाच राहतो. एलईडीचा बल्ब इथे कामाचा नाही. शॉर्ट आहे की नाही, एवढंच विचारायचं सिरीज बल्बला. तो मध्ये असेपर्यंत सप्लाय खालीच राहणार, आणि कमी सप्लायवर रिले न ओढणारे सेट पुष्कळ आहेत. बल्ब मंद झाला की सेट बंद करून बल्ब काढा, थेट मेनवर घ्या आणि मग व्होल्टेज मोजा. स्पीकर तोवर बाजूलाच.

एक विनंती. तुमच्या सेटमधून काढलेले जुने कपॅसिटर अजून डबीत पडले असतील तर फेकू नका. ईएसआर मीटर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा) मिळाला तर त्यावर, नाहीतर साध्या कपॅसिटन्स मीटरवर एकेक लावून बघा, आणि किती खरंच गेलेले निघाले ते इथेच लिहा. अर्ध्याहून जास्त निघाले तर लेखाचं शीर्षक बदलतो.