३०० युनिटच्या वर एक युनिट गेलं की सगळं वीजबिल महाग? नाही हो!

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून एक फॉरवर्ड फिरतोय, की ३०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळे युनिट वरच्या रेटने लागतात आणि युनिट वाढावेत म्हणून रीडिंगवाला मुद्दाम उशिरा येतो. असं काही नसतं. समजा ३२० युनिट झाले, तर पहिले १०० पहिल्या स्लॅबने (म्हणजे युनिटच्या त्या टप्प्याच्या रेटने), पुढचे २०० दुसऱ्या स्लॅबने आणि फक्त वरचे २० तिसऱ्या रेटने, बास. रीडिंग ४० दिवसांनी झालं तर स्लॅबही त्या प्रमाणात वाढतो, १०० चा साधारण १३३ होतो. (आमच्या काकूंनी तर घाबरून गीझरच बंद करून टाकला, भर थंडीत!)

बिल खरंच अवाच्या सवा आलं असेल तर आधी त्यावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा, रीडिंग न घेता अंदाजे लावलेलं सरासरीचं बिल नाही ना तेही बघा, मग महावितरणच्या १९१२ या हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि "आधी पूर्ण भरा नाहीतर उद्या लाइट कापतील" हेही खोटं, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि वाद असेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरली तरी कनेक्शन तोडता येत नाही.